अवं माय, पैसे देऊन चालतात!

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत सध्या एकच विषय आहे. रेल्वेतून निवृत्त झालेलं एक जोडपं, आमच्या वहिनी आणि काकाजी, ग्रीसला जाऊन आलं. आता परदेशी जाण्यात बोभाटा करण्यासारखं काही उरलेलं नाही. दुबई झाली, बँकॉक झालं, सिंगापूर तर लोकांनी कर्ज काढूनही उरकलं. पण हे दोघं गेले टूर कंपनीशिवाय! पुढं झेंडा धरून चालणारा पोट्टा नाही, बसमधली अंताक्षरी नाही, परमुलखात एका रात्री मिळणारी पुरणपोळी नाही. पाठीवर पिशव्या अडकवल्या, बोटीत बसले, बेटावर उतरले आणि चालत सुटले. मग पुन्हा बोट, पुन्हा बेट, पुन्हा चालणं. सहल म्हणून एवढंच.

भिशीत वहिनींना पहिला प्रश्न आला, “मंग तिथी पाह्यलं काय?”

“रस्ते,” वहिनी म्हणाल्या.

चिवड्याचा घास कित्येकींच्या हातातच राहिला.

“रस्ते पाहाले गेलते? आपल्या जुन्या वस्तीतले पाह्यले असते तं फुकटात झालं असतं न वं!”

एकच घर बिघडलं असतं तर समजून घेतलं असतं. पण हे लोण पसरलं. साईनगरातले एक प्राध्यापक म्हणे रोज रात्री नकाशा पसरून बसतात. राजापेठेतल्या एका कापडवाल्यांच्या सुनेनं सासूबाईंना चालायचे बूट आणून दिले, आणि सासूबाईंनी ते घातले! अकोल्याच्या जठारपेठेतले एक डॉक्टर गुडघेदुखीचं औषध लिहिता लिहिता पेशंटला कुठल्याशा बेटाचा चढ समजावून सांगतात. पानठेल्यावर ‘पिरेअस’, ‘नॅक्सोस’ अशी नावं ऐकू यायला लागली, तेव्हा दुसऱ्याच एका काकांना ती ॲसिडिटीच्या गोळ्यांची वाटली होती. त्यात १६ एप्रिल २०२५ला आपल्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. तेव्हापासून नव्या वस्तीला अथेन्स हे बडनेऱ्याचंच पुढचं स्टेशन वाटायला लागलंय.

सगळ्यात मोठा गुन्हा चालण्याचा. आपल्याकडं चालणारा माणूस दिसला की लोक गाडी थांबवून विचारतात, “काऊन जी, गाडी बंद पडली काय?” कोथिंबिरीची जुडी आणायला आम्ही स्कूटी काढतो. अमरावतीत वडाळी तलावावर मॉर्निंग वॉक करायचा तर तिथपर्यंत मोटारीनं जायचं, दोन चकरा मारायच्या आणि येताना कचोरी बांधून घ्यायची, ही सभ्य रीत. चिखलदऱ्याला गेलो तर प्रत्येक पॉइंटवर गाडी दरीच्या कठड्याला टेकेपर्यंत नेतो. दार उघडतो, फोटो काढतो, मक्याचं कणीस घेतो, पुढचा पॉइंट. असल्या सुसंस्कृत मुलखातली माणसं पाच तासांची बोट करून एका बेटावर जातात आणि तिथं रिकाम्या हातानं डोंगर चढतात?

“पायदळ? पैसे देऊन पायदळ?”

डोंगराची उंची ऐकलीत तर आणखी चीड येईल. नॅक्सोस हे सायक्लाडिस बेटांतलं सगळ्यात मोठं बेट. त्यावरचा झास हा त्या साऱ्या बेटांतला सर्वांत उंच डोंगर. त्यांचा झ्यूस देव तिथल्या गुहेत लहानाचा मोठा झाला अशी कथा आहे. उंची हजार मीटरच्या किंचित वर. आपलं चिखलदरं अकराशेच्या वर! म्हणजे घरचा उंच डोंगर मोटारीतून पाहायचा आणि परक्याचा ठेंगणा पायी चढायचा. चिखलदऱ्यासमोर गाविलगड उभा आहे. १८०३च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला, त्यावर इंग्रजीत जाडजूड पुस्तकं झाली. किल्ल्याचे दरवाजे, तलाव, तोफा पाहत निवांत हिंडायचं तर अर्धा दिवस पुरत नाही. तिथं आम्ही पहिल्या दरवाजाशी सेल्फी काढून परततो. वहिनींना कुणीतरी हे खोचून विचारलंच. वहिनी म्हणाल्या, “तिथी गाडी मिळतच नाई न, म्हून चाललो.” खरं कारण हेच असावं. माणूस चालतो तो गाडी नसते म्हणून, निसर्गप्रेमानं नव्हे.

आणि गाडी नसण्याची परमावधी म्हणजे हायड्रा. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून वेगवान बोटीनं दीड-दोन तासांवरचं हे बेट. तिथं मोटारी आणि मोटरसायकली चालवायला बंदी आहे! कचऱ्याची गाडी तेवढी दिसते. सामान खेचरांच्या पाठीवरून जातं, नवरी गेली तरी तिचं कपाटही तसंच जात असणार. भिशीतल्या एकीला हे पटेचना. दारात गाडी उभी नसली तर पाहुण्यांना घरची परिस्थिती कळणार कशी? मुलगी द्यायची तर काय पाहून द्यायची? कॅनडाचा तो कवी आणि गायक लेनर्ड कोहेन, त्यानं १९६०मध्ये याच बेटावर घर घेतलं. त्याच्या सासऱ्यांच्या मनाचा विचार कुणी केला होता का?

चालण्याचा मुद्दा निघाला की आमच्यातली एखादी शहाणी हळूच आठवण करून देते, “पण आपून शेगावले जातोच की पायदळ.” जातो. शंभरावर किलोमीटर जातो. गजानन महाराजांच्या नावानं पायाला फोड आले तरी कुरकुरत नाही. रस्त्यातल्या गावांनी दिलेला चहा, पोहे, झुणका-भाकर खात जातो. पण ते पुण्याचं काम. चालण्याला देव असला की ती वारी, नसला की थेरं, असा आमचा साधा नियम आहे. त्यावर प्राध्यापकांनी नकाशावर बोट ठेवून टिनोस दाखवलं. १८२३मध्ये तिथं मरियमची तसबीर जमिनीतून निघाली. तेव्हापासून १५ ऑगस्टला त्या बेटावर ग्रीसभरचे लोक लोटतात. नवस बोललेल्या बायका बोटीतून उतरल्या की बंदरापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत चक्क गुडघ्यांवर रांगत जातात. रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी गालिच्याची पट्टीच घातलेली आहे. हे ऐकून भिशीतला आवाज जरा खाली आला. दोघी-तिघींनी तर नकळत हातही जोडले. टिनोसला जाऊन आल्याचं सांगितलं असतं तर वहिनींवर एवढं बालंट आलंच नसतं. पण वहिनी गेल्या होत्या आमोर्गोसला, आणि तिथं घडलं ते भिशीत सांगण्यासारखं नव्हतं.

सांगते. आमोर्गोसवर समुद्राच्या वर, सरळसोट कड्याला चिकटवल्यासारखा एक पांढराशुभ्र मठ आहे, होझोविओतिसा नावाचा. अकराव्या शतकापासूनचा. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून जायचं. अंगभर कपडे हवेत, गुडघे उघडे टाकून आत सोडत नाहीत. वहिनींचा सलवार-कुर्ता तिथं एकदम मान्य झाला. इथवर सगळं सात्त्विक. दर्शन झालं, आणि मग तिथं आल्यागेल्याला देतात तसा प्रसाद आला: साखरेत घोळलेली एक वडी, आणि छोट्याशा पेल्यात दारू.

“दारू? देवळात?”

“तीर्थ म्हणून.”

“आन् तुम्ही?”

वहिनी काही बोलल्या नाहीत. काकाजी म्हणाले, “तीर्थाला नाही म्हणू नये.” त्या दिवसापासून काकाजींकडं पानठेल्यावर फार आदरानं पाहिलं जातं. आमोर्गोसला जाणाऱ्यांच्या यादीतली चार नावं तर त्याच संध्याकाळी पक्की झाली, आणि ती कुणाची ते सगळ्या बायकांना माहीत आहे.

आता बोटीचं. बडनेऱ्याच्या माणसाला समुद्राचा संबंध मुंबईला गेला तर चौपाटीपुरता. वऱ्हाडातून कुठंही जायचं तर रूळ हवेत. आणि हे लोक सांगतात, तिथली बोट आपल्या पॅसेंजरवर गेलीय. पिरेअसहून सकाळी निघाली की पारोस, नॅक्सोस, मग सँटोरिनी असे थांबे घेत जाते, बडनेऱ्याहून भुसावळकडं जाताना मूर्तिजापूर, अकोला, शेगाव लागावेत तशी. नॅक्सोसला पोचायला पाचेक तास, सँटोरिनीला आठच्या आसपास. पोटात ट्रक, मोटारी, कलिंगडाचे टेम्पो. वरती बाकडी, कॉफी, पत्ते, रडणारी पोरं, बेटावरच्या आजीला भेटायला चाललेले नातू. तळमजल्यावर सामानाच्या रॅकवर बेटांची नावं लिहिलेली असतात. नॅक्सोसची पिशवी पारोसच्या रॅकवर ठेवली की पुढची कथा वेगळी होते. बंदर दिसायला लागलं की कर्णा वाजतो आणि सगळे खालच्या त्या अंधाऱ्या गाळ्यात उतरून उभे राहतात. बोट अजून वळतेच आहे तोवर मागचा लोखंडी दरवाजा खाली यायला लागतो. धक्क्याला टेकला रे टेकला की उतरा, पळा! बाहेर चढणारे वाट पाहत उभेच असतात. काही मिनिटांत बोट पुढं निघालेली.

काकाजींनी हे सगळं हातवारे करून सांगितलं. नोकरीचा जन्म प्लॅटफॉर्मवर गेलेला माणूस, त्याला त्या वेळा, ती घाई, ती झुंबड फार आवडली. माझा तर संशय आहे की हे मंदिर, समुद्र, सूर्यास्त वगैरे सगळं वहिनींसाठी होतं आणि काकाजी गेले होते फक्त बोटींचं टाइमटेबल पाहायला. बोट किती मिनिटं उशिरा आली याची नोंद त्यांच्या वहीत आहे. सूर्यास्ताची नाही.

पण या बोटींवर एक साहेब आहे, तो वारा. जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा सुटतो. आकाश निळंभोर, ढगाचा ठिपका नाही, आणि समुद्र मात्र उसळलेला. वाऱ्याचा जोर ठरावीक रेषेपुढं गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत. तिकीट आहे, आरक्षण आहे, कुणीतरी ओळखीचं आहे, काही चालत नाही. हे दोघंही असेच एका बेटावर अडकले. ही बातमी इकडं येईपर्यंत तिच्यात बोट बुडाली होती, दूतावासाला फोन गेला होता आणि काकाजींना वाचवायला हेलिकॉप्टर निघालं होतं. प्रत्यक्षात दोघंही एका म्हाताऱ्या बाईच्या अंगणात बसून शेंगा सोलत होते. भाषा एकमेकींची येत नाही, तरी वहिनींनी तिला फोडणीची कृती सांगितली म्हणे. तिनं काय ऐकलं ते देव जाणे.

खाण्याचंही ऐका. आमच्याकडं शाकाहारी माणूस युरोपात जातो तो खाकरा, ठेपले, शेवचिवडा आणि लोणच्याची बरणी घेऊन. यांनी काही नेलं नाही! ग्रीक लोक ईस्टरच्या आधी लांबलचक उपास धरतात, मांस नाही, दूध-लोणी नाही. त्यामुळं त्यांच्या स्वयंपाकात नुसत्या डाळी, भाज्या आणि तेलावर होणारे पदार्थ पुष्कळ. सँटोरिनीला टोमॅटोची भजी मिळतात, चक्क भजी. आणि तिथला मानाचा पदार्थ म्हणजे फावा. पिवळी डाळ शिजवून घोटायची, वरून कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. वहिनींनी फोटो दाखवला. कुणीही म्हणेल, पिठलं.

नुसतं पिठलं असतं तरी चाललं असतं. पण अकोल्याच्या डॉक्टरांनी त्या डाळीचं कूळ शोधून काढलं. सँटोरिनीची फावा ही ‘लॅथिरस’ घराण्यातली, म्हणजे आपल्या लाखोळीची सख्खी चुलत बहीण. तीच लाख, जी पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत पेरतात, जिच्यामुळं पाय लुळे पडतात म्हणून आपल्या राज्यात कित्येक वर्षं तिच्या विक्रीवर बंदी होती. तिची बहीण तिकडं युरोपीय संघाचा खास दर्जा मिरवते. छोट्याशा डब्यात बसते आणि युरोत विकली जाते. आजीनं लाखेची डाळ शिजवली की आम्ही लपवून खायचो, पाहुणे आले तर तूरडाळ काढायचो. आणि हे लोक सँटोरिनीला टेबलावर मेणबत्ती लावून तीच खाऊन आले, फोटोसकट!

फोटोंवरून आणखी एक प्रकरण. एका फोटोत दोघंही एकमेकांचा हात धरून उभे आहेत. लग्नाला पस्तीस-चाळीस वर्षं झालेली, सून घरात, नातवंडं शाळेत. “या वयात हात धरून?” यावर भिशीत पूर्ण एक तास गेला. वहिनींचा खुलासा एका वाक्यात, “उतार होता.” खुलासा मान्य झाला नाही. पुढल्या आठवड्यात संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यावर दोन जोडपी उतार नसतानाही तशीच दिसली, असं माझ्या कानावर आहे. मी पाहिलेलं नाही, ऐकीव सांगते.

आता मात्र मला खरोखर राग आहे तो सांगते. हा राग चालणाऱ्यांवर नाही, फक्त सँटोरिनीच्या फोटोसाठी जाणाऱ्यांवर आहे. निळे घुमट, पांढऱ्या भिंती, पाठमोरी बाई, उडणारी ओढणी. साधारण पंधरा हजार वस्तीचं बेट, तिथं वर्षाला तीस लाखांच्या वर माणूस येतो. २०२४च्या जुलैत एकाच दिवशी क्रूझ जहाजांतून सतरा हजार पाहुणे येणार म्हणून तिथल्या एका नगरसेवकानं गावकऱ्यांनाच सांगितलं, आज घराबाहेर पडणं कमी करा. पाहुण्यांना जागा हवी म्हणून घरच्यांनी घरात बसायचं! केवढा गदारोळ झाला त्यावर. २०२५च्या जुलैपासून भर हंगामात सँटोरिनी आणि मायकोनोसला क्रूझनं उतरणाऱ्याकडून डोई वीस युरोंची पट्टी घेतात. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत भूकंपांचे धक्के असे लागोपाठ बसले की हजारो लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. अखेर ते जागृत ज्वालामुखीचंच तोंड आहे. तरी इकडं लग्न ठरलं की पहिली फर्माईश तीच. २००३च्या ‘चलते चलते’मध्ये शाहरुख ग्रीसमध्ये हिंडला तेव्हापासून ही हौस आमच्या मुलखात मुरत गेलेली असावी.

तिथल्या गाढवांचं तरी ऐका. जुन्या बंदरापासून वरच्या फिरा गावापर्यंत पाचशे ऐंशीच्या वर पायऱ्या आहेत. पाळणागाडी आहे, तरी लोक गाढवावर बसून चढतात. गाढवांचे हाल पाहून २०१८मध्ये ग्रीस सरकारनं नियम काढला: शंभर किलो किंवा त्या जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा, याहून जास्त ओझं लादायचं नाही. हे ऐकल्यावर भिशीत आधी शंभर किलोचा हिशेब झाला. नवऱ्यांची नावं घेऊन झाला, त्यामुळं छापत नाही. मग कुणीतरी पाचव्या हिश्शाचा हिशेब मांडला, तेव्हा पाटल्या-बांगड्या काढून ठेवल्या तरी कुणीच बसत नाही असं निघालं. एवढं झाल्यावर “आपून पायऱ्याच चढू” हा ठराव बिनविरोध मंजूर झाला. त्या बेटावर करण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती फुकट आहे: फिरापासून ईआ गावापर्यंत कड्याच्या काठानं जाणारी दहाएक किलोमीटरची पायवाट. एका हाताला खोल निळा समुद्र, दुसऱ्या हाताला द्राक्षांचे ओसाडसे मळे. फोटोसाठी येणारी बहुतेक गर्दी तिथं फिरकत नाही. तिला मोटारीतून थेट ईआला उतरायचं असतं. म्हणजे बडनेऱ्याचा स्वभाव जगभर आहे.

इतकं सगळं बोलून झाल्यावर पानठेल्यावरचे दुसरे एक काका उठले. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तरुणपणी मल्लखांब केलेले. म्हणाले, “तुम्ही काय नवलाचं सांगता? आमच्या मंडळाची पोरं १९३६ले बर्लिनच्या ऑलिंपिकमधी खेळ दाखवून आली.” खरंय. १९१४ला स्थापन झालेल्या त्या मंडळाचं पथक बर्लिनला गेलं, तिथं त्यांनी आपले देशी खेळ दाखवले. आणि ग्रीसमधल्या ऑलिंपियाहून मशाल पेटवून माणसांच्या हातोहात पळवत नेण्याची प्रथा त्याच वर्षी पहिल्यांदा सुरू झाली. तेव्हा बेलोऱ्याहून विमान नव्हतं. पानठेल्यावर क्षणभर सगळे गप्प झाले, मग विषय बदलला.

मी आगीत थोडं तेल ओतलं. म्हटलं, उलटही विचार करा. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दात्यांची नावं कोरलीत, त्यात ‘यवन’ म्हणवणारे कित्येक आहेत. नाशिकच्या लेण्यांतही असाच एक योनक आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांच्या कुळातली माणसं आपल्या घाटावर चढून आली, देवाधर्माला पैसा देऊन गेली. त्यांना पाहून घाटावरच्या बायकांनी भिशीत काय चर्चा केली असेल? गाडी बंद पडली असेल बिचाऱ्यांची, असंच ना?

मात्र यातली सगळ्यात चटकदार बातमी अजून नव्या वस्तीत फुटलेली नाही, ती इथंच फोडते. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जी रो-रो बोट जाते, मोटारी पोटात घेऊन, १५ मार्च २०२०ला सुरू झालेली, ती बोट ग्रीसमध्येच बांधलेली आहे! तिचं नाव एमटूएम-वन. म्हणजे ज्या बोटींसाठी आमची माणसं व्हिसाला नव्वद युरो भरतात, बँकेचे सहा महिन्यांचे कागद जोडतात आणि मुंबईच्या चकरा मारतात, त्यांतलीच एक रात्रीच्या गाडीनं मुंबईला उतरलं की धक्क्यावर उभी आहे. तासाभरात मांडवा. तिथून अलिबाग. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला कुलाबा किल्ल्यात वाळूतून पायी जाता येतं. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, आंग्र्यांनी नांदवलेला किल्ला. आत रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आणि चारी बाजूंना खाऱ्या पाण्याचा समुद्र असताना गोड्या पाण्याचं टाकं. भरती आली की तोच किल्ला बेट होतो आणि परतायला होडी लागते. बेट झालं, बोट झाली, पायी झालं, देव झाला. आणखी काय पाहिजे?

कोकणात २००३पासून दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट चालते, मग वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा अशी साखळीच झाली. एक खाडी बोटीनं ओलांडायची, पुढचं गाव पायी करायचं, हे दापोलीकडची कित्येक पोरं गाजावाजा न करता करतात. गोव्यात जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला जाणाऱ्या फेरीत पायी माणसाकडून पैसेही घेत नाहीत. दिवाडी बेटावर भातशेती, चर्चची टेकडी, शांत वाडे. याच बेटावरचा सप्तकोटेश्वर पोर्तुगीजांच्या काळात पलीकडं नार्व्याला नेला, आणि १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्यानं बांधवलं. दिवाडीहून नार्व्यालाही फेरीच जाते. पण यातलं काही भिशीत सांगितलं तर “अस्सं काय” एवढंच उत्तर येईल, कारण कोकणात गेल्यानं कुणाची इज्जत वाढत नाही, हे आमच्याकडं ठरलेलं आहे.

तरीही तुमचं नाव ग्रीसला जाणाऱ्यांच्या यादीत पडलंच असेल, आणि पडलं असणार, कारण हे वाचताना तुम्ही दोनदा नॅक्सोस किती लांब ते पाहिलंत, तर एवढं ऐका. आधी कुलाबा किल्ला करून पाहा, ओहोटीची वेळ विचारून. गुडघे टिकले तर पुढं जा. ऑगस्ट टाळा, मेल्तेमी आणि गर्दी दोन्ही तेव्हाच असतात. सप्टेंबरात समुद्र कोमट असतो, आणि ऑक्टोबर संपला की बोटी कमी होत जातात. सँटोरिनीला एक रात्र पुरे, उरलेल्या नॅक्सोसला द्या. आमोर्गोसला गेलात तर भिशीत कुणाला सांगू नका. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला येऊन थांबा. बेटावरून त्याच दिवशी बोटीनं येऊन विमान गाठू, या भरवशावर मुळीच राहू नका.